मैदानावरून आरटीएमपी लाइव्ह: आदल्या आठवड्यापासून बंद करण्यापर्यंतचा क्रम

यात्रेतल्या कुस्त्या असोत, सप्ताहातलं काल्याचं कीर्तन असो, की परदेशातल्या मामा-मामींना दाखवायचं लग्न. लाइव्ह मधेच अडकलं की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "नेट गेलं." बहुतेक वेळा नेट गेलेलं नसतं. जेवढं होतं त्याहून जास्त ओझं त्यावर टाकलेलं असतं, तेही जागेवर जाऊन न मोजता. मला येणारे फोन पुन्हा पुन्हा त्याच पाच-सहा चुकांचे असतात, आणि त्यातल्या बहुतेक चुका साहित्याच्या नसून क्रमाच्या असतात. म्हणून इथे क्रमच लिहितो आहे.

गृहीत धरलेलं साहित्य साधं आहे: एक लॅपटॉप, त्यावर ओबीएस (लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर), कॅमेरा, कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारा डबा) आणि यूट्यूब किंवा फेसबुकवरचं खातं.

## आधी तीन गोष्टी समजून घ्या

ओबीएस तुमचं चित्र यूट्यूबकडे पाठवतं ते आरटीएमपी या प्रोटोकॉलवरून. मूळ मॅक्रोमीडियाचा, नंतर अडोबीचा, फ्लॅशसाठी बनवलेला. २०२० अखेर फ्लॅश बंद झालं, पण कॅमेऱ्याच्या बाजूने सर्व्हरपर्यंत चित्र पोचवण्याचं आरटीएमपीचं काम आजही चालू आहे. प्रेक्षकाच्या मोबाइलवर चित्र जातं ते वेगळ्याच पद्धतीने. त्यामुळे आरटीएमपीचा पत्ता प्रेक्षकांना पाठवू नका. त्यांना यूट्यूबची नेहमीची लिंक द्यायची असते. गावच्या ग्रुपवर चुकून आरटीएमपीचा पत्ता आणि स्ट्रीम की, म्हणजे चॅनलचा गुप्त कोड, टाकलेली मी पाहिली आहे.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आरटीएमपी टीसीपीवर चालतो. म्हणजे वाटेत डेटाचं एखादं पाकीट हरवलं तर ते पुन्हा पाठवलं जातं आणि तोवर मागची सगळी पाकिटं थांबतात. एकेरी घाटात पुढचा ट्रक बंद पडावा, तसं. चित्र लगेच तुटत नाही, ओबीएसच्या पोटात साठत जातं. साठा मर्यादेबाहेर गेला की ओबीएस फ्रेम टाकून द्यायला लागतं. शिवाय प्रेक्षक आधीच काही सेकंद मागे असतो. म्हणून "चित्र अडकतंय" असा फोन येतो तेव्हा मूळ घटना होऊन अर्धा मिनिट झालेला असू शकतो. फोनची वाट बघू नका, ओबीएसच्या आकड्यांकडे बघा.

तिसरं, जुना आरटीएमपी एच.२६४ पद्धतीने दाबलेलं चित्र आणि एएसी पद्धतीने दाबलेला आवाज एवढंच धरून चालतो. २०२३ पासून सुधारित आरटीएमपीत चित्राच्या एव्ही१ आणि एचईव्हीसी या नव्या पद्धती आल्या, यूट्यूब ते घेतंही. पण कार्यक्रमाच्या दिवशी प्रयोग नको, एच.२६४ आणि एएसीच ठेवा.

## टप्पा १: आठवडाभर आधी खातं तयार ठेवा

यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह चालू करताना मोबाइल नंबरची पडताळणी करावी लागते आणि परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. सकाळी नऊला कीर्तन आणि आठला नवीन चॅनल, हे जमत नाही. फेसबुकवर खातं किमान ६० दिवस जुनं आणि किमान १०० फॉलोअर लागतात; मंडळाचं पेज कालच काढलं असेल तर यूट्यूबवरच जा.

यूट्यूब स्टुडिओमध्ये (चॅनल सांभाळायच्या पानावर) कार्यक्रम आधीच शेड्यूल करा आणि त्या कार्यक्रमासाठी वेगळी स्ट्रीम की बनवा. एकच जुनी की दोन-तीन शेड्यूल केलेल्या कार्यक्रमांना जोडलेली राहिली की आजचं चित्र कुठल्या कार्यक्रमात गेलं, हे शोधण्यात पहिली कुस्ती संपते.

तिथेच ऑटो-स्टॉप नावाचं बटण आहे. ते चालू असेल तर बंद करा. चालू राहिलं आणि तुमचं नेट थोडा वेळ तुटलं, तर यूट्यूब कार्यक्रम संपला असं समजून लाइव्ह बंद करतं. नेट परत आलं तरी जुन्या लिंकवर परत जाता येत नाही, आणि ती लिंक तुम्ही पाचशे लोकांना वाटलेली असते.

तपासा: शेड्यूल केलेल्या कार्यक्रमाची प्रेक्षक-लिंक दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर, दुसऱ्या खात्यातून उघडते का?

## टप्पा २: अपलोड जागेवर आणि गर्दीच्या वेळी मोजा

स्पीड टेस्टमधला मोठा आकडा डाउनलोडचा असतो. तुम्हाला हवा तो अपलोडचा. घरी बसून मोजलेला आकडा मैदानावर उपयोगाचा नाही, आणि मैदानावर सकाळी रिकाम्या वेळी मोजलेला तर फसवाच. सकाळी अठरा एमबीपीएस दाखवणारा टॉवर संध्याकाळी चार-पाच हजार माणसं मोबाइल काढून उभी राहिली की दीडवर येतो. त्यांच्यातले शंभरजण स्वतःही लाइव्ह करत असतात.

असं करा:

१. ज्या ठिकाणी लॅपटॉप ठेवणार, त्याच ठिकाणी उभे राहा. मांडवाच्या दुसऱ्या टोकालाही आकडा बदलतो.
२. ज्या वेळी कार्यक्रम आहे, त्याच वेळी मोजा. आदल्या दिवशी यात्रा किंवा सप्ताह चालू असेल तर तेव्हाच.
३. दहा-दहा मिनिटांच्या अंतराने पाच वेळा मोजा. सरासरी काढू नका. सगळ्यात लहान आकडा लिहून ठेवा.
४. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम तपासा. जवळच्या दुकानात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत फायबर असेल तर परवानगी घेऊन लांब लॅन वायर टाका. शंभर मीटरच्या आतली वायर कुठल्याही हॉटस्पॉटपेक्षा भरवशाची.

वायरचं काम शक्य असेल तर वायफायवर जाऊ नका. राउटर आणि फायबरचा छोटा डबा, दोन्ही इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर हवेत. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण लाइट गेल्यावर राउटर बंद होतो, हे ऐन वेळी आठवतं.

## टप्पा ३: आता बिटरेट ठरवा

बिटरेट म्हणजे दर सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा. लिहून ठेवलेल्या सगळ्यात लहान आकड्याच्या निम्मा, हा माझा नियम आहे. फायबर असेल तर सत्तर टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही. मोबाइल नेटवर निम्म्याच्या पुढे कधीच जाऊ नका.

लहान आकडा २ एमबीपीएस असेल तर ४८०पी आणि १००० केबीपीएस (म्हणजे १ एमबीपीएस). ५ असेल तर ७२०पी, ३० फ्रेम आणि २५०० केबीपीएस. ८ च्या वर असेल तर ७२०पीलाच ४००० द्या, यूट्यूब एच.२६४ साठी तेवढेच सुचवतं. १०८०पीचा हट्ट कुस्तीला करू नका. आखाड्यातली माती, हलणारी गर्दी आणि दोन पैलवानांची झटापट, या सगळ्याला बिटरेट खूप लागतो. कमी बिटरेटच्या १०८०पीपेक्षा पुरेशा बिटरेटचं ७२०पी स्वच्छ दिसतं. कीर्तनात बुवा एका जागी उभे असतात, तिथे थोडं कमी चालतं.

मग डेटाचा हिशेब. २५०० केबीपीएस चित्र आणि १२८ केबीपीएस आवाज मिळून तासाला साधारण १.२ जीबी जातात. म्हणजे रोज २ जीबीचं रिचार्ज असेल तर सुमारे एक तास चाळीस मिनिटांत कोटा संपतो आणि वेग इतका उतरतो की आवाजही जात नाही. नेमकी शेवटची मोठी कुस्ती लागण्याच्या सुमारास. "पहिला दीड तास मस्त चाललं, मग नेट गेलं" असं कुणी सांगितलं की मी आधी रिचार्ज विचारतो.

सावध: यूट्यूब आणि फेसबुक दोन्हीकडे एकाच लॅपटॉपवरून पाठवलं तर अपलोड दुप्पट लागतं. दोन्ही हवेच असतील तर क्लाउडवर छोटा सर्व्हर घेऊन त्याच्याकडे एकदाच पाठवा आणि तिथून पुढे वाटा. एन्जिनएक्स या सर्व्हर-सॉफ्टवेअरचं आरटीएमपी मॉड्यूल हे करतं. फक्त फेसबुकला सुरक्षित जोडणी, म्हणजे आरटीएमपीएसच लागते आणि ते मॉड्यूल तशी पाठवत नाही. मधे एसटनेल (जोडणी सुरक्षित करणारं सॉफ्टवेअर) बसवावं लागतं. हे पहिल्यांदाच करत असाल तर एकच ठिकाण निवडा.

## टप्पा ४: ओबीएसची मांडणी

आउटपुटमध्ये साधी पद्धत सोडून अॅडव्हान्स्ड निवडा, म्हणजे सगळं एका ठिकाणी दिसतं.

रेट कंट्रोल सीबीआर ठेवा, म्हणजे बिटरेट कायम सारखा राहतो. दुसरी पद्धत शांत दृश्यात कमी आणि धावपळीत एकदम जास्त बिटरेट मागते. आरटीएमपीच्या एकेरी घाटात असा अचानक आलेला लोंढाच तुंबतो.

कीफ्रेम (मधूनमधून येणारी पूर्ण चित्राची फ्रेम) इंटरव्हल २ सेकंद. शून्य ठेवलं तर 'आपोआप' असा अर्थ होतो आणि एक्स२६४ हा एन्कोडर (चित्र दाबून लहान करणारा भाग) २५० फ्रेमपर्यंत थांबू शकतो. ३० फ्रेमच्या हिशेबाने ते आठ सेकंदांच्या वर गेलं. यूट्यूबला चारपेक्षा जास्त चालत नाही, कारण चित्राचे तुकडे कीफ्रेमवरच कापले जातात. यादीतून यूट्यूब निवडलं तर ओबीएस बऱ्याचदा हे स्वतः सांभाळतं. 'कस्टम' निवडून स्वतःचा सर्व्हर टाकला की सांभाळत नाही. म्हणून हाताने २ लिहाच.

एन्कोडर ग्राफिक्स कार्डाचा किंवा इंटेलचा हार्डवेअर असेल तर तो घ्या. नसेल तर एक्स२६४, प्रीसेट 'व्हेरीफास्ट'. लॅपटॉप चार्जरवरच हवा. बॅटरीवर तो स्वतःला हळू करतो.

फ्रेमचा वेग कॅमेरा, कॅप्चर कार्ड आणि ओबीएस, तिन्हीत एकच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॅलोजन आणि स्वस्त एलईडीखाली चित्र लुकलुकतं. कॅमेरा पाल पद्धतीत २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवून ओबीएसमध्येही २५ केलं की ते थांबतं. यूट्यूबला २५ चालतात.

आवाज एएसी, १२८ केबीपीएस, ४८ किलोहर्ट्झ.

अॅडव्हान्स्ड सेटिंग्जच्या नेटवर्क भागात गर्दी झाल्यावर बिटरेट आपोआप कमी करण्याची खूण आहे. मोबाइल नेटवर ती लावा. चित्र थोडा वेळ धूसर होईल, पण तुटणार नाही.

सोबत लॅपटॉपवरही रेकॉर्डिंग ठेवा, तेही एमकेव्हीमध्ये. साध्या एमपी४चं रेकॉर्डिंग चालू असताना लॅपटॉप बंद पडला तर अख्खी फाइल जाऊ शकते. एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचं सगळं वाचतं. नंतर ओबीएसमधूनच एमपी४ करून घ्या.

तपासा: विंडोज अपडेट थांबवलंय? स्लीप बंद? कॅमेऱ्याचं आपोआप बंद होणं बंद? कॅमेऱ्याच्या पडद्यावरची बॅटरीची आणि फोकसची चिन्हं ओबीएसमध्ये दिसत नाहीत ना?

## टप्पा ५: पत्ता आणि की

यादीतून यूट्यूब निवडलं की फक्त की टाकायची. स्वतःचा सर्व्हर असेल तर दोन रकाने असतात आणि घोळ इथेच होतो. सर्व्हरच्या रकान्यात पत्ता आणि त्यापुढचं ॲपचं नाव (बहुधा 'लाइव्ह') एवढंच. की दुसऱ्या रकान्यात. दोन्ही जोडून एकाच ठिकाणी टाकू नका. की व्हॉट्सअॅपवरून उचलली तर शेवटी एक मोकळी जागा चिकटून येते. ती दिसत नाही, पण की चुकते.

जोडणी दोन पायऱ्यांत होते: आधी सर्व्हर आणि ॲप, मग की. त्यामुळे ओबीएस काय म्हणतं त्यावरून दोष कुठला ते कळतं.

'सर्व्हरशी जोडता आलं नाही' असं आलं तर की बदलत बसू नका. पत्ता चुकला आहे किंवा वाट बंद आहे. आरटीएमपी १९३५ क्रमांकाच्या पोर्टवरून जातो आणि कॉलेजं, हॉटेलं, कार्यालयं तो बऱ्याचदा अडवतात. अशा वेळी आरटीएमपीएस निवडा. तो ४४३ वरून जातो, म्हणजे नेहमीच्या वेबसाइटांच्याच वाटेने.

'की तपासा' असं आलं तर सर्व्हर सापडला आहे, फक्त की नाकारली. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. स्वतःच्या सर्व्हरवर नेट तुटून लगेच परत जोडताना की बरोबर असूनही हा संदेश येतो, कारण जुनी जोडणी मेली आहे हे सर्व्हरला अजून कळलेलं नसतं आणि त्याच कीवर दुसरा माणूस आलाय असं त्याला वाटतं. मिनिट-दीड मिनिट थांबून पुन्हा जोडा.

सावध: की म्हणजे चॅनलची चावी. ती ज्याच्याकडे आहे तो तुमच्या नावाने काहीही दाखवू शकतो. सेटिंग्जचा फोटो काढून मदत मागताना की झाका. झाकायची राहिलीच तर यूट्यूब स्टुडिओत जाऊन लगेच रीसेट करा.

## टप्पा ६: आवाज

लोक धूसर चित्र चालवून घेतात, फुटका आवाज चालवून घेत नाहीत. कीर्तनाला तर चित्र नसलं तरी चालेल अशी स्थिती असते.

साउंडवाल्याला आदल्या दिवशीच भेटा आणि मिक्सरमधून वेगळं आउटपुट मागा. ते थेट लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या भोकात घालू नका. तिथे माइकची कमकुवत पातळी अपेक्षित असते, मिक्सर त्याच्या कित्येक पट जोरात देतो आणि आवाज फाटतो. साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस मधे घ्या. घूंऽ असा आवाज आला तर क्षणभर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा. मिक्सर आणि इंटरफेसच्या मधे डीआय बॉक्स (ही घूं तोडणारा छोटा डबा) लावा.

मिक्सरमधून फक्त माइकवर बोललेलं येतं. हलगी, टाळ्या, आरोळ्या, टाळ-मृदंगाचा मांडवात भरलेला नाद यातलं काही येत नाही, आणि मग कुस्ती मुकी वाटते. गर्दीकडे तोंड करून एक साधा माइक लावा आणि हळू आवाजात मिसळा.

ओबीएसच्या पट्टीवर बोलणं पिवळ्या भागात खेळलं पाहिजे. लाल भागात टेकलं तरी कमी करा. विजयी पैलवानाचं नाव पुकारताना निवेदकाचा आवाज दुप्पट होतो, त्याला जागा ठेवा.

मग टाळी चाचणी. कॅमेऱ्यासमोर आणि माइकजवळ एक टाळी वाजवा, रेकॉर्डिंग हळू करून बघा. कॅप्चर कार्डामुळे चित्र बहुधा मागे पडतं आणि टाळी आधी ऐकू येते. जेवढे मिलीसेकंद फरक, तेवढे आवाजाच्या सिंक ऑफसेटमध्ये टाका.

सावध: 'डेस्कटॉप ऑडिओ' बंद ठेवा. त्याच लॅपटॉपवर यूट्यूब उघडून बघितलंत तर तो आवाज परत लाइव्हमध्ये जातो आणि प्रेक्षकाला सगळं दोनदा ऐकू येतं.

## टप्पा ७: खासगी चाचणी

आदल्या दिवशी, त्याच जागेवरून, त्याच वेळी, 'प्रायव्हेट' ठेवून वीस मिनिटं लाइव्ह करा. दोन मिनिटांची चाचणी पुरत नाही. कॅमेरा गरम होऊन बंद पडतो तो पंधरा-वीस मिनिटांनीच. ओबीएसची आकडेवारीची खिडकी उघडी ठेवा. वीस मिनिटांत नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम अर्ध्या टक्क्याच्या वर गेल्या तर बिटरेट पाचशेने उतरवा आणि पुन्हा वीस मिनिटं चालवा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

मधेच मुद्दाम वायर काढून दुसऱ्या सिमच्या हॉटस्पॉटवर जा. आरटीएमपीची जोडणी एका नेटवरून दुसऱ्यावर चालत्या गाडीतून उडी मारल्यासारखी जात नाही. ती तुटते आणि नव्याने जोडावी लागते. ओबीएस ते आपोआप करतं. किती सेकंद जातात ते आज बघून ठेवलंत तर उद्या हात थरथरणार नाहीत.

## टप्पा ८: प्रत्यक्ष सुरू करताना

१. अर्धा तास आधी ओबीएसमध्ये कार्यक्रमाचं नाव आणि वेळ लिहिलेला स्थिर फलक लावा.
२. रेकॉर्डिंग सुरू करा.
३. ओबीएसमधून स्ट्रीम सुरू करा.
४. यूट्यूब स्टुडिओत चित्र येऊन स्थिती 'उत्तम' दिसेपर्यंत थांबा.
५. मग स्टुडिओतलं लाइव्ह जाण्याचं बटण दाबा.
६. मोबाइल डेटावरच्या वेगळ्या फोनवर, इयरफोन लावून, आवाज ऐका.
७. त्यानंतरच फलक काढून कॅमेरा दाखवा.

ओबीएसच्या तळाशी हिरवं दिसतंय म्हणजे प्रेक्षकाला दिसतंय, असं नाही. ऑटो-स्टार्ट (चित्र येताच आपोआप लाइव्ह जाणं) बंद असेल तर पाचवी पायरी विसरल्यावर तासभर चित्र फक्त स्टुडिओत फिरत राहतं.

स्पीकरवर सिनेमाची गाणी वाजत असतील तर फलकाच्या वेळात आवाज बंद ठेवा. कॉपीराइटच्या दाव्यावरून यूट्यूब चालू लाइव्ह थांबवू शकतं, आणि ते नेट तुटण्यापेक्षा वाईट.

## टप्पा ९: चालू असताना

तीन आकडे तीन वेगळे आजार सांगतात.

नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम वाढल्या तर अपलोड कमी पडतंय: बिटरेट उतरवा किंवा दुसऱ्या सिमवर जा. एन्कोडिंगमुळे सुटलेल्या फ्रेम वाढल्या तर प्रोसेसर दमलाय: क्रोमच्या खिडक्या बंद करा, लॅपटॉपखाली हवा खेळती ठेवा. रेंडरिंगमुळे राहिलेल्या वाढल्या तर ग्राफिक्सवर भार आहे: हलणारे फलक, पट्ट्या काढा. दुसऱ्या-तिसऱ्या आजारावर नवं सिम टाकून काही होत नाही, आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त केलं जातं.

रिझोल्यूशन चालू लाइव्हमध्ये बदलता येत नाही. त्यासाठी स्ट्रीम थांबवून परत सुरू करावी लागते; दोन कुस्त्यांच्या मधे करा. ऑटो-स्टॉप बंद असल्याने लिंक तीच राहते. स्टुडिओतल्या 'एंड स्ट्रीम'ला मात्र हात लावू नका.

## टप्पा १०: बंद करताना

इथे क्रम उलटा करतात आणि शेवटचा पसायदानाचा आवाज कापला जातो. आधी आभाराचा फलक लावा आणि पूर्ण एक मिनिट थांबा, कारण प्रेक्षक तुमच्या मागे आहे. मग ओबीएसमधून स्ट्रीम थांबवा. मग स्टुडिओत कार्यक्रम संपवा. सगळ्यात शेवटी रेकॉर्डिंग थांबवा.

लॅपटॉप बंद करण्याआधी रेकॉर्डिंगची फाइल उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट बघा आणि पेनड्राइव्हवर एक प्रत घ्या. यूट्यूबवर बारा तासांच्या आतलं लाइव्ह आपोआप साठवलं जातं, त्याहून लांबलं तर नाही. अखंड चालणारा कार्यक्रम असेल तर तो आधीच भागांत तोडा. फेसबुकवरचं लाइव्ह ३० दिवसांनी काढून टाकलं जातं, त्याआधी उतरवून घ्या. आणि त्या दिवशी की दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर टाकली असेल तर घरी पोचल्यावर रीसेट करा.